बायकांनी हेल्मेट कसे निवडावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला कोणी अभंग म्हणते, कोणी मोदकांच्या उकडीचे रहस्य सांगते. यंदा माझ्या वाट्याला भाषण आले. विषय सांगितला तेव्हा आपल्या चिटणीसबाई हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा तर पुरुषांचा विषय!" मी त्यांना म्हटले, "जरा दारापर्यंत चला." बाहेर आपल्या सभासदांच्या एकोणीस स्कूटरी उभ्या होत्या. हेल्मेटे मोजली तर सात भरली, आणि त्या सातांतली तीन आरशाला टांगलेली. मग त्या काही बोलल्या नाहीत.

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. यंत्रातले मला फार कळते असा आव आणत नाही. पण घरात हेल्मेट घ्यायची वेळ आली तेव्हा मी चार दुकाने हिंडले, पुष्कळ विचारले, इंग्रजीत होते ते पुतणीकडून वाचवून घेतले. त्यातले जे आपल्या उपयोगी पडेल तेवढेच सांगते.

आधी एक आकडा सांगते. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणे 2022 साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांतली 50,029 अशी, की जी दुचाकीवर होती आणि डोक्यावर हेल्मेट नव्हते. आणि त्यांतही 14,337 जण गाडी चालवत नव्हते, नुसते मागे बसलेले होते. आपल्याकडे मागे बहुधा कोण बसते ते मी सांगायला नको. पुढे यजमान, मध्ये पोर, मागे एका बाजूला पाय सोडून आपण, मांडीवर पिशवी. यजमानांच्या डोक्यावर हेल्मेट असते, कारण पोलीस त्यांना अडवतो. आपल्या डोक्यावर अंबाडा आणि अबोलीची वेणी!

कायदा मात्र असा भेद करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या 129 व्या कलमात 2019 साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, पुढे बसो की मागे, हेल्मेट सक्तीचे आहे. त्याहून लहान मुलांसाठीही 2022 च्या फेब्रुवारीत नियम निघाला आणि 2023 च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, आणि गाडी ताशी 40 किलोमीटरच्या वर जाता कामा नये. आपल्या महाराष्ट्रात 2024 च्या नोव्हेंबरात वाहतूक पोलिसांना मागे बसणाऱ्यांवरही स्वतंत्र कारवाई करायला सांगितले गेले. दंड एक हजार रुपये. पण दंडाच्या धाकाने घेतलेले हेल्मेट नाक्यापुरते डोक्यावर चढते आणि नाका गेला की हातात येते, हे आपण रोज पाहतो. म्हणून कायद्याचे एवढेच.

आता खरी गोष्ट. माझी धाकटी जाऊ दीरांच्या मागे बसून कसालहून मालवणला येत होती. कट्ट्याच्या अलीकडे कुत्रे आडवे आले. गाडीला वेग असा काही नव्हता. दोघे पडली. जावेच्या डोक्यावर हेल्मेट होते, आणि तेही खरे, आयएसआयचे. त्याने तिचे डोके राखले, डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले. पण हेल्मेट होते उघड्या तोंडाचे. ती पालथी पडली आणि हनुवटी रस्त्यावर आपटली. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. दात तारेने बांधून ठेवले होते. सहा आठवडे ती पेजेच्या निवळीवर आणि नळीने ओढलेल्या आमटीच्या पाण्यावर होती. मत्स्याहारी घरातली बाई, दीड महिना दुसऱ्यांची ताटे पाहत बसली. आज ती बरी आहे, इथे समोरच बसली आहे, आणि तिच्या परवानगीनेच मी हे सांगते आहे.

कवटीचा मार असता तर काय झाले असते? आपल्या भागातून डोक्याचा मोठा रुग्ण अजूनही पुष्कळदा बांबोळीला गोमेकॉत न्यावा लागतो. मालवणहून तो प्रवास शंभर किलोमीटरच्या मागेपुढे. मुंबईत असे रुग्णालय अर्ध्या तासावर असू शकते. आपल्याला तीन तासांचा हिशेब धरावा लागतो. म्हणून मी म्हणते की हेल्मेटाची गरज शहरातल्या बाईपेक्षा आपल्याला काकणभर जास्तच आहे.

"आम्ही हळू चालवतो," असे म्हणणाऱ्या भगिनींसाठी पुतणीने एक गणित करून दिले. माणूस नुसता उभा असताना कोसळला आणि डोके दीड मीटरवरून जमिनीला लागले, तरी त्या क्षणी डोक्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या जवळ असतो. गाडीचा वेग त्यात धरलेलाच नाही. म्हणजे थांबलेल्या स्कूटरवरून पडले तरी डोके फुटायला ते पुरेसे आहे.

हेल्मेट करते काय, ते आपल्याला हापूसच्या पेटीवरून चांगले कळेल. देवगडचा आंबा पेटीत भरताना पेंढा घालतात. वरची फळी मार अंगावर घेऊन पसरवते आणि आतला पेंढा दबतो, म्हणून आंबा शाबूत राहतो. हेल्मेटाची वरची कवटी म्हणजे फळी, आणि आतला पांढरा थर्मोकोल म्हणजे पेंढा. जीव वाचवतो तो हा थर्मोकोल, आणि तो स्वतः दबून, चुरडून वाचवतो. एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघातात आपटलेले हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसले तरी टाकून द्यायचे. आणि पेटीत आंबा सैल राहिला तर पेंढा असूनही तो डागतोच, तसे सैल हेल्मेटाचे आहे. हे पेटीचे उदाहरण ध्यानात ठेवा, पुढची निवड त्यावरच चालते.

ही युक्ती काही फार जुनी नाही. 'अरेबियाचा लॉरेन्स' म्हणून गाजलेला इंग्रज 1935 साली मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागून वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत केर्न्स नावाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांनी पुढे सैन्यातल्या मोटारसायकलवाल्यांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, 1941 साली तो छापला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात निरोप्यांना हेल्मेट सक्तीचे झाले. पुढे अनेक देशांतले अभ्यास एकत्र पडताळून 2008 साली निष्कर्ष निघाला, की हेल्मेटामुळे मोटारसायकलच्या अपघातात मरण्याचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो.

आता प्रकार पाहू. रस्त्याकडेला विकतात ती टोपीसारखी अर्धी वाटी. तिच्याबद्दल बोलून वेळ दवडत नाही. दुसरे उघड्या तोंडाचे, जावेचे होते तसे. तिसरे पूर्ण तोंडाचे, हनुवटीसकट सगळे बंद. सुरक्षिततेत पहिला नंबर या तिसऱ्याचाच, त्यात वाद नाही. जावेनंतर घरात सगळ्यांना तेच आणायचे ठरले. एक आणलेही. सासूबाई म्हणाल्या, "डोक्यार मडक्या घातल्यासारख्या दिसता गो!" ते सोडा. पण खरी अडचण निराळीच निघाली. मला चष्मा लागतो, तो आधी काढा, हेल्मेट घाला, मग काड्या कशाबशा आत सारा. मे महिन्यात आत घामाची आंघोळ. आणि आपले मालवण म्हणजे दर दहा पावलांवर ओळखीचे माणूस. धुरीवाड्याच्या वळणावर एका म्हातारीने हाक मारली, ती मला ऐकू आली नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाजारात धरले, "गो बाय, तोंड झाकून खंय चललंस? वळखसुद्धा दिलंस नाय!" गावात राहायचे तर या गोष्टी क्षुल्लक नसतात. महिनाभरात ते हेल्मेट खुंटीवर गेले.

इथे ते चौथे हेल्मेट उपयोगी पडले. त्याला 'मॉड्युलर' म्हणतात, आपल्याकडचे दुकानदार 'फ्लिपअप' म्हणतात. दिसायला पूर्ण तोंडाचेच, पण हनुवटीजवळ एक कळ असते. ती दाबली की हनुवटीचा भाग काचेसकट कपाळावर उचलला जातो. ही कल्पना जर्मनीतली, बीएमडब्ल्यूने 1981 साली असे हेल्मेट बाजारात आणले. आता ती आपल्या देशातही बनतात. आपल्या आंबोलीचा घाट चढून गेले की बेळगाव, तिथली वेगा कंपनी असे हेल्मेट करते, फरीदाबादची स्टड्सही करते. म्हणजे ही काही फक्त परदेशी श्रीमंतांची वस्तू नव्हे. देशी हेल्मेट दोन हजारांच्या मागेपुढे मिळते. आपण एका लग्नाला आहेराची साडी घेतो तेवढ्यात.

चष्म्यावरून सरळ घालता येते. पेट्रोल भरताना, मासळीवालीशी भाव करताना, पाणी पिताना वर करायचे. ओळख द्यायची, बोलायचे, आणि निघताना खाली ओढून बंद करायचे. गाडी थांबलेली असताना उघडे आणि चालू असताना बंद, हा त्याचा नियम. उचललेला भाग तसाच ठेवून गाडी चालवली तर हनुवटी उघडीच, शिवाय वारा त्या भागाला धरून मान मागे ओढतो. मग एवढे पैसे घालून काय मिळवले?

दोष सांगितले नाहीत तर मी कंपनीची माणूस ठरेन. पहिला दोष वजनाचा. बिजागऱ्या आणि कळ आली की वजन वाढते. अशी हेल्मेटे बहुतेक दीड किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असतात. म्हणजे सोललेले अडीच-तीन नारळ डोक्यावर. पाटी किंवा कळशी डोक्यावर घेण्याची आपल्याला सवय आहे खरी, पण ते वजन सरळ खाली बसते. हेल्मेटाचे वजन खड्ड्यात, वळणावर मानेला हिसका देते. ज्यांची मान आधीच दुखते त्यांनी हातात धरून दोन-तीन नमुन्यांची तुलना करावी आणि त्यातले हलके घ्यावे, किंवा सरळ पूर्ण तोंडाचे हलके हेल्मेट घ्यावे. दुसरा दोष, आवाज. सांध्यांतून वारा शिरतो आणि थोडी शीळ घुमते. तिसरा महत्त्वाचा. एकसंध हनुवटी ती एकसंधच. उघडझाप करणारा भाग कितीही चांगला असला तरी त्याचा भार कळीवर असतो. तरीही खुंटीवरच्या उत्तम हेल्मेटापेक्षा डोक्यावरचे हे बरे, असे माझे ठाम मत झाले आहे. ज्यांना पूर्ण तोंडाचे सोसते त्यांनी तेच घालावे.

खरेदीला जाताना घरून शिवणाची टेप न्या. भुवयांच्या वर साधारण एक इंच आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवा, सेंटीमीटरमध्ये आकडा घ्या. माझा 57 आला. हेल्मेटावर 58, 60 असे आकडे असतात, कधी 580, 600 असे मिलीमीटरमध्येही असतात. पण एका कंपनीचे 'मिडियम' दुसऱ्या कंपनीचे नसते, म्हणून आकड्यावर विसंबून फोनवरून मागवू नका, घालून पाहा. आणि घालून पाहताना केस रोज असतात तसेच ठेवा. लग्नाला निघाल्यासारखा अंबाडा घालून माप दिले तर रोज ते सैल होईल. अंबाडा मुळात हेल्मेटात बसतच नाही. मानेवर खाली सैल वेणी घालावी, लग्नघरी पोचल्यावर गजरा माळावा. मी तसेच करते, पिशवीत केळीच्या पानात गजरा असतो. झुमके घालून काढ-घाल करू नका, आतल्या कापडात अडकून कान फाटायचा. कुड्या चालतात.

नवे हेल्मेट गालांना घट्टच लागले पाहिजे. गाल थोडे दबून गोबरे दिसले तर समजा बरोबर आहे. स्पंज महिन्या-दोन महिन्यांत बसतो. पण कपाळावर एकाच ठिकाणी टोचत असेल तर ते बसत नाही, दुसरा नमुना मागा. दुकानात दहा-पंधरा मिनिटे घालूनच बसा. दुकानदार चुळबुळ करील, करू दे. आपण साडीच्या दुकानात तीस साड्या उलगडायला लावतो, तेव्हा आपल्याला कुठे संकोच वाटतो? मान डावी-उजवी हलवा. हेल्मेटाबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे. हेल्मेट एकीकडे आणि डोके एकीकडे होता कामा नये. मग पट्टा लावा, हनुवटीखाली दोन बोटे जातील एवढाच सैल ठेवा, आणि बरोबर आलेल्याला सांगा की मागून धरून पुढे उलथून बघ. निघून आले तर ते रस्त्यावरही निघून येईल.

फ्लिपअपची स्वतःची परीक्षा वेगळी. हनुवटीचा भाग दहा वेळा उघडा-मिटा. दोन्ही बाजूंनी नीट 'कट्' असा आवाज आला पाहिजे. एकच बाजू बसते, दुसरी अर्धवट राहते, असे असेल तर खाली ठेवा. बंद करून हाताने वर ओढून पाहा, सुटता कामा नये. आतला खटका धातूचा आहे की नुसत्या प्लास्टिकचा ते विचारा. धातूचा असलेला बरा. कळ एका हाताने, न बघता सापडते का तेही पाहा. पावसात ओल्या बोटांनी ती उघडायची असते.

मग शिक्का. 1 जून 2021 पासून आपल्या देशात आयएसआय चिन्हाचीच हेल्मेटे विकता येतात. पण चिन्हाचे चिकटपत्र कोणीही छापतो. खऱ्या चिन्हावर वर 'आयएस 4151' हा आकडा आणि खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवान्याचा क्रमांक असतो. फोनवर 'बीआयएस केअर' म्हणून सरकारी ॲप आहे. त्यात तो क्रमांक घातला की कोणत्या कंपनीचा परवाना आणि तो चालू आहे की नाही ते दिसते. मी हे दुकानातच केले. पहिल्या दुकानात क्रमांक घातला तो दुसऱ्याच कुणाच्या नावावर निघाला. दुकानदार म्हणाला, "वहिनी, एवढे कोण बघते?" मी पिशवी उचलून बाहेर पडले.

कोणाचा मुलगा आखातात किंवा परदेशी असेल आणि तिकडून आणणार असेल, तर युरोपच्या शिक्क्यात इंग्रजी अक्षरे पाहायला सांगा. हनुवटीचा भाग संरक्षण देतो असे परीक्षेत ठरले तर 'पी', उघड्या तोंडाचे असेल तर 'जे', आणि उघडझापीचे हेल्मेट दोन्ही परीक्षांत उतरले तर 'पी/जे'. 'एनपी' असेल तर हनुवटीचा तो भाग नुसता वाऱ्या-पावसापुरता. नव्या युरोपीय नियमाचा आकडा 22.06 आहे. मात्र इथे रस्त्यावर आयएसआयच लागते, हे त्याला आधी सांगा.

आता आपल्या कोकणातल्या हवेबद्दल. पावसाळ्यात काचेवर आतून वाफ धरते. पुढे हवेची खिडकी असलेले घ्या आणि पावसातही ती उघडी ठेवा. भांड्याच्या साबणाचा एक थेंब आतून लावून मऊ फडक्याने पुसला तर थोडा वेळ वाफ धरत नाही. काळी काच घेऊ नका. सायंकाळी कुंभारमाठाच्या उतारावर गुरे दिसायची नाहीत. ऊन लागत असेल तर आत सरकणारी दुसरी काच असते ते हेल्मेट पाहा, अंधार पडला की ती वर करता येते. आतले कापड काढता येते का ते जरूर पाहा, कारण आपले खोबरेल आणि खारा घाम दोन्ही त्यात जाणार. आठवड्याला कोमट पाण्यात रिठ्याने धुवा, सावलीत वाळवा. डोक्याला आधी पातळ सुती रुमाल बांधला तर धुणे निम्मे होते. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनरने डाग काढायला जाऊ नका, थर्मोकोल विरघळतो आणि बाहेरची कवटीही कमजोर होते. आरशाला टांगू नका, आरशाच्या टोकाने आतला थर्मोकोल दबतो. त्या तीन गाड्यांच्या मालकिणी इथे असतील तर त्यांनी ऐकावे. आणि त्यात बांगडे घालून आणू नका. हसू नका, मी पाहिले आहे. आपटले नाही तरी पाच वर्षांनी बदलावे असे सांगतात, आपल्या दमट हवेत स्पंज त्याआधीच बसतो.

जावेचे काय झाले ते विचाराल. अपघाताआधी ती म्हणायची, "माका मागेच बसूचा आसा, माका कित्याक व्हया?" उघडे हेल्मेटही तिने दीरांनी हट्ट केला म्हणून घातले होते. बरी झाल्यावर ती वर्षभर गाडीवर बसलीच नाही, कुठेही एसटीने जायची. माझे फ्लिपअप तिने एकदा घालून पाहिले, दोनदा उघडमिट केली, आणि दुसऱ्या आठवड्यात स्वतःच जाऊन कुडाळहून आणले. जबड्याच्या उजव्या बाजूला तिला अजून दुखरे आहे, म्हणून गालाची गादी दुकानदाराकडून पातळ बदलून घेतली. तशी बदलून मिळते, हेही विचारून ठेवा.

ती आणि मी आमची दोन्ही हेल्मेटे इथे घेऊन आलो आहोत. चहा होईपर्यंत मागच्या बाकाजवळ टेप घेऊन बसते. ज्यांना माप घ्यायचे असेल त्यांनी यावे, वेणी सोडावी लागेल. घरच्या मुलांची मापेही कागदावर लिहून देईन. दहा जणींची मागणी जमली तर दुकानदार सगळे नमुने घेऊन मंडळात यायला तयार आहे, मी त्याला विचारून ठेवले आहे.